सामरी नावाचा इंजिनीअर



संयोजकांनी आधीच बजावले होते, "तुझ्या नोकरीवर बोलू नकोस, शाळेच्या दिवसांतलं काही सांग." म्हणून सॉफ्टवेअर बाजूला ठेवते आणि एका भुताविषयी बोलते.

'पुराना मंदिर' हा रामसे बंधूंचा सिनेमा १९८४ सालचा. आपण तेव्हा अगदी लहान होतो. आपल्यापर्यंत तो पोचला भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवरून. पुढे १९९३ मध्ये 'झी हॉरर शो' सुरू झाला आणि मधल्या सुट्टीत डबे उघडण्याआधी भुतांच्या गोष्टी निघू लागल्या. शिर वेगळे, धड वेगळे असा 'पुराना मंदिर'मधला सामरी आठवतो ना? आणि 'बंद दरवाजा'मधला, शवपेटीत झोपणारा, रक्त पिणारा नेवला? तो सिनेमा १९९०चा. दोन्ही भूमिका एकाच नटाच्या : अनिरुद्ध अग्रवाल. हे गृहस्थ रुरकीला शिकलेले सिव्हिल इंजिनीअर होते, हे मला इंजिनीअर झाल्यावर कळले!

मग मी हे सिनेमे पुन्हा पाहिले, या वेळी डोळ्यांवरची बोटे काढून. रक्तपिपासू भूत उभे करायला नट काय करतो? ख्रिस्तोफर ली यांनी १९५८च्या 'ड्रॅक्युला'त डोळ्यांत लाल लेन्स घातल्या होत्या. त्या टोचायच्या आणि त्यांतून धड दिसायचेही नाही. १९६६च्या पुढच्या भागात तर त्यांना एकही संवाद नाही. म्हणजे हातात उरते फक्त शरीर. अग्रवाल यांचेही तेच. सामरी धावत नाही. सावकाश पाऊल टाकतो, दारात उभा राहतो आणि दार त्याला लहान पडते. धावत येणाऱ्याला हुलकावणी देता येते; सावकाश येणाऱ्यापुढे माणूस जागीच थिजतो.

पण त्या चेहऱ्यामागे आजार होता. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यात त्यांना गाठ झाली होती. अशा गाठीमुळे वाढीचे संप्रेरक जास्त पाझरले की जबडा, हात, पाय वाढत जातात.

आपल्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते, झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. राक्षस झालेला नट पहाटे तोंड धुतो आणि टपरीवर आपल्या शेजारी बसून चहा पितो. अग्रवाल यांना सुळे काढता येत होते, रंग पुसता येत होता. चेहरा उतरवता येत नव्हता. पुढे १९९४ मध्ये 'बँडिट क्वीन'मध्ये ते बाबू गुज्जर झाले, तोही क्रूर डाकू. चेहऱ्याने त्यांना काम दिले आणि त्याच कामात अडकवूनही ठेवले.

हे मला इतके का लागले, ते तुमच्यापैकी काहींनी ओळखले असेल. वर्गात सगळ्यांत उंच मी. सातवीपासून माझे नाव 'सामरी' पडले. निरोप समारंभाचा फोटो काढून बघा, मागच्या रांगेत मी गुडघे वाकवून उभी आहे. कुणावर राग नाही, तेव्हा आपण सगळेच पोरं होतो. पण ते गुडघे सरळ व्हायला वेळ लागला. सुरुवात सरांनी केली. नववीत त्यांनी मला व्हॉलीबॉलच्या जाळीजवळ उभे केले आणि म्हणाले, "वाकू नको बाई, हात वर कर." जी उंची चिडवायला पुरत होती, तीच खेळायलाही पुरली. सर, तुम्ही आज समोर बसला आहात, म्हणून हे सांगायचे धाडस झाले.

आता आपलीच मुले शाळेत जातात. घरी येऊन ती एखाद्याचे टोपणनाव सांगतात, आपणही हसतो. पुढच्या वेळी एवढेच विचारा, "त्याचं खरं नाव काय रे?"

जेवणाच्या वेळी मला कुणी 'सामरी' म्हणून हाक मारली तर मी ओ देईन. पण मग शेजारी बसवून अनिरुद्ध अग्रवाल यांची सगळी गोष्ट पुन्हा ऐकवीन!