रणभाषा एक हवी : उदगीर ते संगणकीय रणांगण



लातूर जिल्ह्यातील उदगीरचे नाव ३ फेब्रुवारी १७६० या दिवसाशी कायमचे जोडले गेले आहे. त्या दिवशी सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने निजामाला नमविले आणि साठ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख व दौलताबादसारखे बळकट दुर्ग मराठ्यांच्या पदरात पडले. या विजयात मोठा वाटा होता इब्राहिमखान गारदी याच्या तोफखान्याचा आणि कवायती पायदळाचा. इब्राहिमखान पूर्वी निजामाच्याच चाकरीत, फ्रेंच सेनानी बुसी याच्या तालमीत तयार झालेला. एका हुकुमावर रांग थांबते, एका हुकुमावर सर्व बंदुका एकदम उडतात, ही शिस्त त्याने मराठी फौजेत आणली.

उदगीरनंतर भाऊंचे सैन्य उत्तरेकडे निघाले आणि अवघ्या अकरा महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर उभे ठाकले. सेनापती तोच, गारदी तेच, तोफाही त्याच. भाऊंनी गोलाची रचना करून यमुनेच्या दिशेने सरकण्याचे ठरविले होते. सकाळच्या प्रहरी गारद्यांनी समोरच्या रोहिल्यांची दाणादाण उडविली. परंतु गोलाची लढाई म्हणजे पावलाला पाऊल जुळवून चालण्याची लढाई. आणि मराठी घोडदळाच्या रक्तात होता तो अकस्मात धावा. गारद्यांच्या बाजूस असलेल्या घोडदळाने रांग सोडून पुढे धाव घेतली आणि गारद्यांची बाजू उघडी पडली, असे अनेक इतिहासकार मानतात. पानिपतचा पराभव एवढ्या एकाच कारणाने झाला नाही. उपासमार, तुटलेली रसद, मित्रांचा अभाव ही कारणे आहेतच. पण शौर्यात कोणी उणा नव्हता, आणि तरीही एकाच सैन्याची दोन अंगे दोन निराळ्या युद्धभाषा बोलत होती, हे शल्य उरतेच. इब्राहिमखान शेवटपर्यंत भाऊंशी एकनिष्ठ राहिला आणि त्या निष्ठेची किंमत त्याने प्राणांनी चुकविली. अशा निष्ठेलाही एक समान भाषा लागते, हा त्या रणाचा धडा आहे.

शिवछत्रपतींनी हे सत्य फार आधी ओळखले होते. त्यांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. त्यात तेराशेहून अधिक फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत. या कोशाचे दहा वर्ग आहेत आणि त्यांत शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग व दुर्गवर्ग यांना स्वतंत्र स्थान आहे. याकडे केवळ भाषाशुद्धीचे कार्य म्हणून पाहणे अपुरे ठरेल. दुर्गावरील प्रत्येक पदाला, शस्त्राला आणि कामाला एकच निश्चित नाव असावे, म्हणजे आज्ञापत्राचा अर्थ सर्वत्र एकच लागेल, ही राज्यकर्त्याची दृष्टी त्यामागे दिसते. संघाच्या शाखेवर उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकाला हे वेगळे सांगावयास नको. आरंभीच्या काळात तेथे आज्ञा इंग्रजीत होत्या. १९३९ मध्ये सिंदी येथे झालेल्या बैठकीनंतर त्या संस्कृतात आल्या. आज 'दक्ष' हा एक शब्द उच्चारला की नांदेडचा आणि केरळचा स्वयंसेवक एकाच क्षणी ताठ उभा राहतो. शब्द एक, अर्थ एक, कृती एक.

आता हेच तत्त्व संगणकाच्या युगात पाहू. आजच्या रणांगणावर आज्ञा माणसाकडून माणसाकडे जाते, तशीच यंत्राकडून यंत्राकडेही जाते. रडार, तोफ, क्षेपणास्त्र, ड्रोन, नियंत्रण कक्ष हे सारे परस्परांशी बोलतात. माणूस अर्धवट वाक्याचाही अर्थ लावतो. यंत्राला तसे जमत नाही. "पुलाकडे बघून घ्या" या शब्दांवरून पुलाचे रक्षण करायचे, तो ताब्यात घ्यायचा की उडवून द्यायचा, हे अनुभवी सुभेदार प्रसंग पाहून ओळखील, संगणक ओळखणार नाही. म्हणून आज्ञेचे पाच भाग ठरविले जातात : कोणी, काय, कोठे, केव्हा आणि कशासाठी. प्रत्येक भागाची जागा ठरलेली आणि त्या जागेत येणारा शब्दही ठरलेल्या सूचीतलाच. 'रोखणे', 'अडविणे', 'ताब्यात घेणे' या प्रत्येक क्रियापदाचा अर्थ आधीच बांधून दिलेला. हीच ती प्रमाणित संगणकीय रणभाषा.

या भाषेची गरज प्रथम जाणवली ती युद्धाभ्यासात. अमेरिकेने १९८० च्या दशकात 'सिमनेट' या योजनेत दूरदूरच्या तळांवरील रणगाड्यांची आभासी यंत्रे एका जाळ्यात जोडली. पुढे निरनिराळ्या कंपन्यांची सिम्युलेशन प्रणाली एकत्र चालावी म्हणून नियम बनले आणि २००० मध्ये त्यांतील एका रचनेला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप आले. तरीही एक विचित्र अडचण उरली होती. सेनापतीची आज्ञा एका संगणकावर तयार होई, आणि ती युद्धाभ्यासाच्या संगणकात घालण्यासाठी मध्ये एक माणूस बसून तीच आज्ञा पुन्हा टंकलिखित करी. वेळ जाई आणि चुकाही होत. यावर उपाय म्हणून 'सिसो' या मानक संस्थेने २००८ मध्ये युद्धप्रसंगाचे वर्णन करणारी भाषा, २०१४ मध्ये आज्ञा व वृत्ते देणारी भाषा, आणि २०२० मध्ये दोहोंना सामावणारे 'सी-टू-सिम' हे मानक प्रसिद्ध केले. एकच आज्ञा प्रत्यक्ष पलटणीला, आभासी पलटणीला आणि स्वयंचलित यंत्रालाही समजावी, हा त्याचा हेतू आहे.

हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे असे कोणास वाटेल, तर त्याने २७ फेब्रुवारी २०१९ चा दिवस आठवावा. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी काश्मीरच्या आकाशात हवाई झुंज चालू असताना बडगामजवळ आपल्याच क्षेपणास्त्राने आपलेच हेलिकॉप्टर पाडले. हवाईदलाचे सहा वीर आणि एक नागरिक मृत्युमुखी पडला. त्या वीरांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. आकाशातील ते यान आपलेच आहे, ही ओळख वेळेवर पटली नाही. ती आपली मोठी चूक होती, असे हवाईदल प्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निःसंकोच मान्य केले. एका चुकलेल्या ओळखीची किंमत किती घरांना मोजावी लागते, हे त्या सात कुटुंबांना ठाऊक आहे.

त्या वेदनेतून शिकणारे राष्ट्रच पुढे जाते. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या काळात पाकिस्तानने ड्रोन आणि क्षेपणास्त्रे सोडली, तेव्हा भूदलाची 'आकाशतीर' आणि हवाईदलाची एकात्मिक नियंत्रण प्रणाली परस्परांशी जोडलेल्या होत्या. या उभारण्यात भारत इलेक्ट्रॉनिक्स या आपल्याच सार्वजनिक कंपनीचा वाटा आहे. मूळच्या स्वीडनच्या एल-७० तोफा, रशियाची एस-४०० प्रणाली आणि स्वदेशी 'आकाश' क्षेपणास्त्र अशी निरनिराळ्या देशांतील व पिढ्यांतील शस्त्रे त्या संरक्षण-कवचात होती. शस्त्रे अनेक, पण आज्ञेची व्यवस्था एक. गोलाची जी लय पानिपतावर तुटली, ती येथे टिकली.

मात्र येथेच थांबणे परवडणारे नाही. विकत घेतलेले प्रत्येक शस्त्र आपल्यासोबत विक्रेत्याची संगणकीय भाषाही आणते. तिची किल्ली त्याच्या हाती राहिली, तर शस्त्र आपल्या अंगणात असूनही पूर्णपणे आपले नसते. १ जानेवारी २०२० पासून संरक्षण दल प्रमुखांचे पद अस्तित्वात आले आणि आंतरसेना संस्थांमधील आज्ञा, नियंत्रण व शिस्त यांसाठी २०२३ मध्ये कायदाही झाला. अधिकारांची एकता कायद्याने येते, आकलनाची एकता भाषेने येते. म्हणून तिन्ही दलांचा संगणकीय शब्दकोश आपणच रचला पाहिजे. जगातील खुली मानके डोळसपणे अभ्यासावीत, मित्रराष्ट्रांशी बोलता येईल अशी दारे ठेवावीत, पण कोश आपला असावा आणि त्याची किल्लीही आपल्याच हाती असावी.

हे काम केवळ दिल्ली-बंगळुरूचे नाही. ज्या नांदेडमध्ये दशमेश गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये देह ठेवला, तेथे त्यांच्याच नावाची अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून विद्यार्थी घडवीत आहे. गुरुजींच्या एका हाती खड्ग होते आणि दुसऱ्या हाती लेखणी. 'लातूर पॅटर्न'ने मराठवाड्यातील मुलांची बुद्धी आणि चिकाटी अवघ्या महाराष्ट्राला दाखवून दिली आहे. या बुद्धीची झेप केवळ प्रवेशपरीक्षेच्या गुणांपुरती आणि परदेशी नोकरीपुरती का असावी? भाषाशास्त्र, तर्कशास्त्र आणि संगणकशास्त्र यांचा मेळ घालणारे हे क्षेत्र भारतात अजून पुष्कळ मोकळे आहे. घरातील मुलगा वा मुलगी संगणक शिकत असेल, तर पालकांनी हा मार्गही त्यांच्यासमोर ठेवावा. सीमेवर उभे राहणे हे जसे देशकार्य आहे, तसेच सीमेवरील जवानाला मिळणारी आज्ञा निःसंदिग्ध करणे हेही देशकार्यच आहे.

उदगीरच्या रणात मराठ्यांच्या तोफा एका सुरात बोलल्या. तो सूर आज संगणकाच्या भाषेत पुन्हा बांधावयाचा आहे, आणि त्याची तयारी रण पेटण्यापूर्वी, शांततेच्या काळातच करावी लागते.