आजोबांचा वस्तरा

(सांगवी येथे भरलेल्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षण, वसतिगृह, वधूवर मेळावा अशा गंभीर विषयांचा ऊहापोह सकाळपासून या व्यासपीठावर झाला. त्यांच्यापुढे आमचा विषय अगदीच हलका वाटण्याचा संभव आहे. जुने, गंजलेले वस्तरे शोधून काढावेत, त्यांची पाती साफ करावीत, मूठ मोडली असेल तर नवी घडवावी आणि धार लावून ते पुन्हा चालते करावेत, हा आम्हा चारसहा जणांना गेली काही वर्षे जडलेला छंद होय. चिटणीसांनी त्यावर बोलण्याची आज्ञा केली, ती आम्ही आनंदाने स्वीकारली. कारण या छंदाआड एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आपणा सर्वांच्या घरचा आहे.

आपल्या आजापणजांची धोपटी आज कोठे आहे? वस्तरा, कातर, नराणी, चिमटा, पितळी वाटी, आरसा आणि धार लावायची पथरी, एवढ्या सामानावर ज्यांनी आपले संसार उभे केले, त्यांच्या हातची ही हत्यारे किती घरांत शिल्लक आहेत? आम्ही नीरेकाठच्या गावांतून हिंडून विचारपूस केली, तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळाले : भंगारवाल्याला दिली. काही घरी मात्र ती सापडली, आणि सापडली ती बहुधा एखाद्या वृद्ध मातेच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत. मुलांनी टाकायला काढलेला वस्तरा तिने दसऱ्याच्या पूजेसाठी म्हणून मागे ठेवलेला असतो. आपल्या समाजाच्या इतिहासाचे हे दप्तर आज भगिनींनीच जपले आहे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

या छंदावर एक आक्षेप आहे, आणि तो आमच्याच एका सुशिक्षित तरुण बंधूने आम्हांस तोंडावर ऐकविला. तो म्हणाला, "ज्या हत्याराने आपल्याला दारोदार हिंडविले, सुगीला खळ्यावर बलुत्यासाठी ताटकळत उभे केले, त्याला तुम्ही पॉलिश कसले करता?" हा आक्षेप थट्टेवारी नेण्याजोगा नाही. बलुत्याच्या काठाकाठाने जो अपमान येत असे, तो ज्यांनी सोसला त्यांपैकी काही वडीलधारी मंडळी आज समोर बसली आहेत. परंतु आमचे म्हणणे असे की, अपमान त्या व्यवस्थेत होता, पोलादात नव्हता. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने आपल्या बांधवांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन यापुढे करणार नाही, असा निर्धार तेथे झाला. त्या दिवशीही त्यांच्या धोपटीत वस्तरेच होते. हत्यार चालविणाऱ्याने हत्यार चालविण्याचे नाकारले, अशी ही गोष्ट आहे. आणि तो वस्तरा कसा होता, हे आपल्या नातवंडांना हातात घेऊन पाहता येऊ नये काय? शिवाय एक मोठा फरक आहे. आजोबा वस्तरा पाजळीत, तो पहाटे उठून कोणाच्या तरी ओसरीवर जायचे असे म्हणून. आम्ही पाजळतो तो रविवारी, आमच्या मर्जीने.

आता प्रत्यक्ष विषयाकडे वळू. 'वस्तरा' हा शब्द फारसी 'उस्तरा'पासून आला. त्याआधीचा आपला शब्द 'क्षुर', ज्यावरून क्षौर झाले. आम्हांस आजवर मिळालेले वस्तरे दोन जातींचे आहेत. पहिले गावच्या लोहाराने घडविलेले, जाड आणि पाचरीसारखे. त्यांच्यावर नाव नाही, गाव नाही. दुसरे विलायती, इंग्लंडातील शेफील्ड किंवा जर्मनीतील झोलिंगेन या शहरांत बनलेले. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा चांदणी-क्रूसाचा शिक्का ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल. 'बेंगॉल' नावाचा वस्तराही शेफील्डचाच. त्याचा बंगालशी संबंध नावापुरता! झोलिंगेनच्या हेंकेल्सवर जुळ्या भावांची आकृती असते, तर ब्योकरवर झाडाची. पात्याच्या मुळाशी असलेली ही अक्षरे भिंगाखाली अवश्य वाचावीत. आपल्या मुलुखात येणाऱ्या परदेशी मालावर देशाचे नाव घालणे ब्रिटिशांनी 1887 साली कायद्याने भाग पाडले. म्हणून 'जर्मनी' असा शब्द कोरलेला असला, तर तो वस्तरा बहुधा त्यानंतरचा समजावा. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात, आणि आठवा भाग म्हणजे आपल्या सुताराचे एक सूत. तेव्हा पाच सूत, सहा सूत हे आपले माप शेफील्डच्या मापाशी तंतोतंत जुळते.

गंज दोन प्रकारचा असतो. तांबडा गंज जिवंत असतो, तो पोलाद खातच राहतो. काळा डाग मेलेला असतो, त्याला भिऊ नये. पाते दोनतीन दिवस रॉकेलात बुडवून ठेवावे, मग तेल आणि बारीक पॉलिशपेपर घेऊन हळूहळू घासावे. कितीही मोह झाला तरी ते विजेच्या सहाणेवर धरू नये. वस्तऱ्याचे पाणी, म्हणजे त्याच्या पोलादाला दिलेला कडकपणा, उष्णतेने उतरतो. पातळ धार क्षणात तापून निळी पडली की ती मऊ झाली; मग कोणतीही पथरी तिला वाचवू शकत नाही. एका घरचा पणजोबांचा वस्तरा हौसेने एका धारवाल्याकडे नेला गेला आणि आरशासारखा चकचकीत होऊन परत आला. त्याच्यावरचा शिक्का गेला, पाणीही गेले. तो आता भिंतीवर टांगण्यापुरता उरला आहे.

आम्ही पात्याला आरशासारखी चकाकी आणीत नाही, याचे आणखी एक कारण आहे. पथरीवर वस्तरा घासताना त्याची पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवावी लागतात. पाठीच्या जाडीमुळेच धारेचा कोन आपोआप साधतो, हे या हत्याराच्या रचनेतले खरे शहाणपण! त्यामुळे पाठ आणि धार बरोबरीने झिजत जातात. सांगवीतल्या एका घरी मिळालेला वस्तरा मुळात सहा सूत रुंद असावा; आज तो जेमतेम साडेचार सूत आहे. दीड सूत पोलाद कोठे गेले? ते एका माणसाच्या उभ्या आयुष्यात, रोज सकाळी थोडे थोडे, पथरीवर आणि तळहातावर गेले. आपल्या आजोबांनी रोजनिशी लिहिली नाही. ही झीज हीच त्यांची रोजनिशी, आणि पॉलिशच्या हौसेने ती पुसून टाकण्याचा आम्हांस अधिकार नाही.

मुठीचा प्रकार मात्र निराळा आहे, आणि खरी कारागिरीही येथेच. मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या. एका टोकाला पाते ज्याच्यावर फिरते तो पितळी खिळा, दुसऱ्या टोकाला दोन्ही पट्ट्यांत बसविलेली लहानशी पाचर. ही पाचर पट्ट्यांना किंचित फाकवून धरते, म्हणून पाते मिटताना धार कोठेही न घासता बरोबर मधोमध बसते. पाचर चुकली की सारा वस्तरा वाकडा मिटतो. जुन्या पाचरी पुष्कळदा शिशाच्या असतात. शिसे विषारी असल्याने ते घासून त्याची पूड उडवू नये, नवी पाचर लाकडाची करावी. जुना खिळा उपटायचा नसतो. त्याचे डोके कानशीने घासून मग तो ठोकून बाहेर काढावा, नाहीतर पट्टी चिरते.

पट्ट्या कशाच्या कराव्यात? म्हशीचे शिंग उत्तम. ते उकळत्या पाण्यात ठेवले की नरम होते, मग फळ्यांत दाबून सपाट करता येते. घासताना घाण वास सुटतो आणि घरातून तक्रारी येतात, एवढाच त्यात दोष. शिंगाला कीड लागते, म्हणून वर्षातून एकदोनदा तेलाचा हात फिरवावा. शिसवी चांगले, आणि आमच्या भागात मुबलक असलेली बाभूळ, पुरती वाळलेली असेल तर, कोणाहून कमी नाही. काही जुन्या मुठी सेल्युलॉइडच्या, कासवाच्या पाठीसारख्या दिसणाऱ्या असतात. हा पदार्थ जुना झाला की आपोआप कुजू लागतो, त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि मिटलेले पाते आतल्या आत खाल्ले जाते. शिवाय तो ज्वालाग्राही आहे. अशी मूठ काढून पात्यापासून दूर ठेवावी. हस्तिदंत किंवा सांबराचे शिंग विकत घेण्याच्या फंदात कोणी पडू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये व त्यातील पुढील दुरुस्त्यांन्वये तो गुन्हा ठरतो.

नवी मूठ केव्हा करावी, यावर आमच्यातच मतभेद झाला. एका वस्तऱ्याची एक पट्टी शिंगाची आणि दुसरी बाभळीची होती. बाभळीची पट्टी ओबडधोबड, चाकूने तासलेली, तांब्याच्या तारेने आवळलेली. एकाचे मत, दोन्ही काढून सुंदर शिसवी जोडी बसवावी. अखेर निकाल असा झाला की ती तशीच ठेवावी. ज्या दिवशी ती शिंगाची पट्टी मोडली, त्या दिवशी नवा वस्तरा घेण्याइतके पैसे घरात नव्हते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायचे होते, असाच त्या तारेचा अर्थ आम्हांस लागला. तेव्हापासून आमचा नियम ठरला : मूठ मुळीच नसेल किंवा कुजली असेल, तरच नवी, आणि नव्या मुठीच्या आतल्या बाजूस, कोणास दिसणार नाही अशा ठिकाणी, साल कोरावयाचे, म्हणजे पुढच्या पिढीला आमचे काम आजोबांचे म्हणून खपणार नाही.

दुकानदार बंधूंना एक स्पष्ट सूचना. हा वस्तरा गिऱ्हाइकासाठी नाही. एकाच पात्याने अनेकांची दाढी करण्याचे दिवस संपले, ते योग्यच झाले. काविळीचे काही प्रकार आणि एच.आय.व्ही. रक्तावाटे पसरतात, दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड वापरण्याचा रिवाज आता रूढ झाला आहे, त्यात तडजोड नको. आपल्या हाताने दुरुस्त केलेला वस्तरा आपल्याच गालावर चालवावा, आणि धारेला भेग असल्यास तोही मोह सोडावा. भेग ओळखण्यासाठी भिंगाने पाहावे. पथरीवर धार पुढे चालते, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे चालते; एवढे ध्यानात ठेवले की निम्मी विद्या आली. उरलेली निम्मी समोर बसलेल्या वृद्धांच्या तळहातात आहे. त्यांना विचारा. तळहातावर वस्तरा पाजळताना मनगट कसे वळते, हे आम्हांस लिहून दाखविता येत नाही.

येत्या दसऱ्यापूर्वी ज्यांच्या घरी जुना वस्तरा असेल त्यांनी तो सांगवीस आणावा. पात्याला तेल लावून जुन्या सुती कापडाची घडी बांधावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नये. आत दमट राहून गंज धरतो. कोणताही मोबदला नाही, फक्त पितळी तारेचा खर्च ज्याचा त्याने द्यावा. सोबत एका चिठ्ठीवर तो कोणाचा होता, त्यांचे नाव, गाव, आणि ते कोणकोणत्या वाड्यावस्त्यांवर जात असत, हे घरातील थोरांना विचारून लिहून आणावे. चिठ्ठी नसलेला वस्तराही आम्ही घेऊ. पण आधी चिठ्ठी असलेल्यांचे काम होईल.