रब्बीची ज्वारी आणि पेशींतील आज्ञा

उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या सुमारास सोलापूर जिल्ह्यांतील काळ्या रानांत रब्बी ज्वारीची पेरणी होते. त्यानंतर आभाळाकडून फारसें कांहीं मिळावयाचें नसतें. भारी जमिनीनें पोटांत सांठविलेल्या ओलीवरच पिकास दाणा भरेपर्यंत तग धरावा लागतो. मोहोळ येथें निवडलेली मालदांडी ३५-१ याच कसोटीस उतरली. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही लाभलें. सोलापुरास १९३३ सालीं कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र निघालें, तेंही याच विवंचनेपोटीं. परंतु ओल आटत चालल्याची वार्ता रोपाच्या पेशीस कळते तरी कशी?

ज्वारीच्या पेशींत सहस्रावधि जनुकें असतात. तीं सारीं एकाच वेळीं कामास लागत नाहींत. वाड्यांतील सर्व कोठारें एकदम उघडीत नाहींत, तसेंच हें. कोणतें कोठार केव्हां उघडावयाचें हें ठरविणाऱ्या प्रथिनांस प्रतिलेखन-घटक म्हणतात. जनुकाच्या आरंभीं असलेल्या ठराविक खुणेवर तीं जाऊन बसतात, आणि मग त्या जनुकाची नक्कल उतरूं लागते.

त्यांस आज्ञा पोंचविणारी साखळी बहुतेक सर्व भूवनस्पतींत आढळते. पाणी कमी पडूं लागतांच रोपांत ॲब्सिसिक आम्ल नांवाचें संप्रेरक वाढतें. पेशींतील एक ग्राहक-प्रथिन त्यास धरून ठेवतें. या ग्राहकाचा शोध २००९ सालीं मोहरीच्या कुळांतील एका लहानशा रोपावर लागला. एरवीं एक पहारेकरी प्रथिन पुढील दूतास निष्क्रिय ठेवीत असतें. संप्रेरक लाभलेला ग्राहक त्या पहारेकऱ्यासच अडकवितो. दूत मोकळा होतो व प्रतिलेखन-घटकास फॉस्फेटचा कण जोडून जागें करतो. मग पेशीचें शुष्कतेपासून रक्षण करणारीं प्रथिनें तयार होऊं लागतात. पानांचीं सूक्ष्म रंध्रें मिटविण्यासही तोच दूत कारण होतो.

हा बंदोबस्त फुकटचा मात्र नव्हे. रंध्रें मिटलीं, कीं पाणी वांचतें, पण कर्बवायूचाही मार्ग बंद होऊन पानांत अन्न तयार होण्याचें काम मंदावतें. अकालीं घाबरलेलें पीक जगेल, पण कणीस पोचट राहील. १९९९ सालीं जपानी संशोधकांनीं त्याच लहानशा रोपांत, अवर्षणाशीं संबंधित अशा दुसऱ्या एका प्रतिलेखन-घटकास अखंड जागता ठेवून पाहिलें. रोपें काटक झालीं, पण खुजीं राहिलीं. तोच घटक केवळ संकटाच्या वेळीं जागा होईल अशी योजना केली, तेव्हां वाढ फारशी खुंटली नाहीं.

म्हणून वाण पारखतांना तो पाण्यावांचून जगतो काय, एवढेंच पाहून भागावयाचें नाहीं. कोणत्या घटकेस तो सावध होतो, व कितपत, हेंही पाहिलें पाहिजे. सोलापूरच्या शेतकऱ्यास नुसतें तगलेलें रोप नको असतें. त्यास घरांत भाकरी हवी आणि दावणीला कडबाही हवा.