पडसे आणि शिरस्त्राण
अंबरनाथच्या कारखान्यात पडशासाठी रजा मागितली तर मुकादम हसतो. ऑक्टोबर १९६८ मध्ये अपोलो-७ यानाचे कप्तान वॉली शिरा यांना पहिल्याच दिवशी पडसे झाले, पाठोपाठ सोबती आयझेल यांनाही. वजनरहित अवस्थेत शेंबूड खाली उतरत नाही. कपाळा-गालांतील पोकळ्यांत तुंबतो, जोराने शिंकरले तर कान ठणकतात. उपचार म्हणजे ॲस्पिरिन आणि नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या. परतताना हवेचा दाब वाढतो. तेव्हा नाक चिमटीत धरता यावे म्हणून तिघांनी वरिष्ठांचे न ऐकता शिरस्त्राणे घातली नाहीत. (एरवी ती घाला म्हणून आम्हीच कामगारांच्या मागे लागतो!) कान शाबूत राहिले. शिरा निवृत्तच होणार होते. उरलेल्या दोघांना मात्र पुन्हा यान मिळाले नाही. आमच्या मते कान त्यांचे, निर्णयही त्यांचाच. २०२५ साली शुभांशु शुक्लांना उड्डाणापूर्वी महिनाभर वेगळे ठेवले होते, ते असली दुखणी वर जाऊ नयेत म्हणूनच.