एक तिरंगा, तीन हिशेब



दरवर्षी १७ सप्टेंबरला नांदेड आणि लातूर येथे ध्वजवंदन होते, मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट संपली. या दिवसाला लागून असलेली आणखी एक आठवण मराठवाड्यात फारशी सांगितली जात नाही. हैदराबाद संस्थानच्या फौजेतील आर्देशिर तारापोर हे अधिकारी संस्थानाच्या विलीनीकरणानंतर भारतीय सैन्याच्या पूना हॉर्स या रणगाडा पलटणीत गेले आणि १६ सप्टेंबर १९६५ रोजी सियालकोट आघाडीवर धारातीर्थी पडले. प्रजासत्ताकाने त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र अर्पण केले. कालपर्यंत कोणाची चाकरी केली, धर्म कोणता, हुद्दा कोणता, हे त्या चक्राने विचारले नाही.

२६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र सुरू झाले. त्यामागे एक लोकशाही तत्त्व होते. साम्राज्याचा सर्वोच्च शौर्यसन्मान असलेला व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ साली निर्माण झाला. पण साम्राज्यासाठी मरणाऱ्या हिंदी सैनिकांना तो १९११ पर्यंत खुला नव्हता. समान शौर्यासाठीही अधिकाऱ्याचे पदक वेगळे आणि शिपायाचे वेगळे, ही त्या राज्याची रीत होती. प्रजासत्ताकाने ती मोडली. शिंप्याचा मुलगा हवालदार अब्दुल हमीद आणि आदिवासी लान्स नाईक अल्बर्ट एक्का यांच्या नावे तेच चक्र झाले, जे तारापोरांच्या नावे झाले. मरणात सर्व समान, हे त्या प्रतीकाचे सांगणे आहे.

चक्राचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांनी केला. जन्माने युरोपीय असलेल्या या बाई एका मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह करून या देशाच्या झाल्या होत्या. चक्रावर त्यांनी इंद्राची चार वज्रे कोरली. वज्र दधीची ऋषीच्या अस्थींचे. पण पुराणातील कथा तेथे थांबत नाही. अस्थी देवांनी नेल्या आणि ऋषीचा मुलगा पोरका झाला. पिंपळाची फळे खाऊन तो वाढला, म्हणून त्याचे नाव पिप्पलाद. वज्राचा गौरव करणाऱ्यांनी पिप्पलादाचा विसर पडू देऊ नये, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

हा विसर महाराष्ट्राने पूर्वी पाहिलेला आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची नावे इंग्रजांनी कोरेगावच्या स्तंभावर कोरली. त्यांत महार शिपायांची नावे होती. त्याच इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांना सैन्याची दारे बंद केली. दगडावर नाव आणि दाराला कुलूप, असा तो सन्मान होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले, तेव्हा त्या दगडाला नवा अर्थ मिळाला. महार रेजिमेंट उभी राहण्यास मात्र १९४१ साल उजाडावे लागले. प्रतीक राज्यकर्ते उभारतात. त्याचा अर्थ लोकांना झगडून मिळवावा लागतो.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे पाहावे. नांदेड जिल्ह्यातील मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे आणि लातूर जिल्ह्यातील चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर धावणारी शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची मुले या भागात सर्वांच्या परिचयाची आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मुलखात कोरडवाहू रानापेक्षा वर्दीचा भरवसा अधिक वाटावा, यात नवल नाही. देशप्रेम त्यांच्या ठायी आहेच. पण भरतीच्या रांगेत दुष्काळही उभा असतो.

ही मुले तीन वाटांनी वर्दीत जातात. कोणी सैन्यात जातो. २९ नोव्हेंबर २०१६ रोजी नगरोटा येथील तळावरील हल्ल्यात नांदेड जिल्ह्यातील जानापुरीचे लान्स नाईक संभाजी कदम कामी आले, ते या वाटेने गेलेले. कोणी केंद्रीय पोलीस दलांत जातो. आणि २०२२ पासून चार वर्षांचा अग्निवीर होऊन जाण्याची तिसरी वाट आहे. गावी परतणाऱ्या शवपेटीवर तिरंगा तोच असतो. पण तिरंग्याची घडी करून ती कुटुंबाच्या हाती दिल्यावर हिशेब तीन निघतात.

सैनिक रणात पडला, तर त्याच्या पत्नीला अखेरच्या वेतनाइतके कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेने अग्निवीराच्या वारसांना ४८ लाखांचा विमा आणि कर्तव्यावर मृत्यू आल्यास ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान ठेवले; कुटुंब निवृत्तिवेतन ठेवले नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनच्या बर्फात बुलढाणा जिल्ह्यातील एक तरुण अग्निवीर मृत्यू पावला, तेव्हा हा भेद महाराष्ट्राच्या घरात आला. नियमित सैनिकाच्या कुटुंबाला मिळते तेच अग्निवीराच्या कुटुंबाला मिळावे, अशी शिफारस संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेही २०२४ साली केली.

केंद्रीय पोलीस दलांतील जवानाचा हिशेब आणखी निराळा. कर्तव्यावर मृत्यू आल्यास त्याच्या घरासाठी विशेष निवृत्तिवेतनाची तरतूद आहे, हे मान्य केले पाहिजे. पण जो जिवंत परततो त्याचे काय? १ जानेवारी २००४ पासून भरती झालेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनातून वगळून अंशदानाच्या योजनेत घालण्यात आले; सैन्यदलांना मात्र जुनी योजना राहिली. प्रतीकांतही हाच भेद आहे. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. त्यांपैकी दोघे बुलढाणा जिल्ह्याचे होते. त्यानंतर ११ दिवसांनी, २५ फेब्रुवारीला, दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन झाले. पंचवीस हजारांहून अधिक नावांच्या त्या भिंतींवर या चाळिसांना जागा नाही, कारण ते स्मारक केवळ सैन्यदलांचे आहे. त्यांच्यासाठी राष्ट्रीय पोलीस स्मारक वेगळे आहे. सभेत ज्यांना शहीद म्हणून मते मागितली जातात, त्यांच्यासाठी ‘शहीद’ हा शब्द सरकारच्या अधिकृत परिभाषेत नाही, हेही कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

यावर कोणी म्हणेल की, बलिदानाचा असा रुपयांत हिशेब मांडणे हा हुतात्म्यांचा अवमान आहे. बलिदानाची किंमत होत नाही, हे खरेच. परंतु म्हणूनच भेद करण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही. ज्याचे मोल करता येत नाही, ते एकाचे अधिक आणि दुसऱ्याचे उणे कसे ठरेल? खर्चाची अडचण सांगणाऱ्यांना मग स्मारकांच्या रोषणाईच्या वेळी ती का आठवत नाही?

स्मारके नकोत, असे समाजवादी म्हणत नाहीत. युद्धज्वर पसरविण्यासाठी हुतात्म्यांची नावे वापरू नयेत आणि प्रत्येक नावामागच्या घराला समान न्याय द्यावा, एवढीच त्यांची मागणी आहे. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात अशा कुटुंबांपर्यंत जावे. वीरपत्नीचे, म्हाताऱ्या आईबापांचे अर्ज कोणत्या कार्यालयात अडले आहेत ते पाहावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांच्यासोबत जाऊन बसावे. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. त्या दिवशी छातीवर छोटा ध्वज लावणाऱ्या प्रत्येक लोकप्रतिनिधीला या तीन हिशेबांचा जाब गावोगावच्या सभांतून विचारावा.

प्रतीक म्हणजे राष्ट्राने लिहून दिलेला कर्जरोखा असतो. सावकाराच्या रोख्याने मराठवाड्याचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नागवला गेला. हा एकच रोखा असा आहे की ज्यात ऋणको सरकार आहे आणि धनको शेतकऱ्याचे घर. त्याची वसुली झालीच पाहिजे.