खाडीच्या पाण्याची चाल

पणजीच्या धक्क्यावरून मांडवीचे पाणी आषाढात पाहावे आणि पुन्हा चैत्रात पाहावे. आषाढात ते तांबूस व वेगवान; चैत्रात हिरवट व संथ. नदी तीच, पण चाल निराळी. पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांचे पुढे काय व्हावे, हे बहुतांशी ही चालच ठरविते.

सह्याद्रीच्या रानातील पालापाचोळा, चोडण बेटावरील खारफुटीचा चिखल, गावांचे सांडपाणी या सर्वांचा अर्क, चहाच्या पत्तीचा उतरावा तसा, पाण्यात उतरतो. ही सेंद्रिय द्रव्ये गाळून निघत नाहीत. सूक्ष्मजंतू त्यांवर जगतात आणि ती खाताना पाण्यातील प्राणवायू खर्च करतात.

पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा हा अर्क थोड्याच दिवसांत समुद्रात नेऊन सोडतो; खाडीत त्याचे पचन होण्यास सवड मिळत नाही. पाऊस ओसरला की सत्ता भरती-ओहोटीच्या हाती येते. मांडवीत भरतीचा प्रभाव मुखापासून सुमारे 50 किलोमीटर आत, गांजे गावापर्यंत पोहोचतो. तेच पाणी आठवडेच्या आठवडे आत-बाहेर झुलत राहते. ऊन त्यातील रंगद्रव्यांचे विघटन करते, जंतू आपला वाटा घेतात आणि ओहोटी खारफुटीतून नवा अर्क ओढून आणते.

किनाऱ्यावर प्रश्न अधिक गंभीर होतो. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा हलका थर खाऱ्या पाण्यावर झाकणासारखा बसतो. त्याच सुमारास खोल समुद्रातील कमी प्राणवायूचे पाणी तळाशी सरकून येते. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याच्या किनाऱ्यालगत तळाजवळ प्राणवायू अतिशय घटतो आणि त्याची झळ मासळीला लागते.

मांडवीलाच वरच्या अंगास म्हादई म्हणतात. 2018 साली लवादाने तिच्या पाण्याची राज्याराज्यांत वाटणी केली. अशा वाटणीचा हिशेब घनफुटांत होतो. खाडीचा हिशेब मात्र दिवसांत असतो. वरून येणारे पाणी घटले, तर सांडपाण्याचा अर्क खाडीत तेवढाच अधिक काळ रेंगाळेल.

हा नियम एकट्या गोव्याचा नव्हे. लखनौच्या जानकीपुरमात राहणाऱ्या श्रोत्यालाही तो लागू आहे; कारण गोमतीचे पाणीही गंगेच्या वाटेने अखेर सागराकडेच जाते. नदीत पाणी किती, हे आपण नेहमी विचारतो. ते किती दिवस थांबते, हेही विचारावयास हवे.