बिळाला दार लावणारा कोळी

आज हप्ते आणि कर्जाचा हिशोब बाजूला ठेवून आपण एका छोट्या जिवाबद्दल बोलू.

गेल्या वर्षी पाऊस उघडल्यावर आम्ही काही जणी सारवायला माती आणायला ओढ्याकाठच्या दरडीवर गेलो होतो. कुदळ मारली आणि ढेकळाबरोबर रुपयाएवढं गोल झाकण निघून आलं. वरून माती आणि शेवाळ, आतून पांढरं रेशमी अस्तर. खाली बोटभर रुंदीचं गुळगुळीत बीळ आणि त्यात काळसर, जाड पायांचा कोळी. आम्ही घाबरलो, माती लोटून बीळ बुजवून टाकलं. नंतर माहिती मिळाली तेव्हा चुटपुट लागली.

हा कोळी भिंतीवर जाळं विणत नाही, जमिनीत घर करतो. त्याच्या जबड्यावर राठ काट्यांची रांग असते, तिने तो माती उकरतो. बिळाला आतून रेशमाचा गिलावा देतो आणि तोंडाशी माती व रेशमाचं दार बसवतो. दाराला एका बाजूला रेशमाचीच बिजागरी असते. काहींचं दार पापडासारखं पातळ, तर काहींचं बुचासारखं जाड. दार बंद असलं की समोर उभं राहूनही दिसत नाही. कोणी बाहेरून उघडू लागलं तर कोळी आतून ते घट्ट ओढून धरतो.

रात्री तो दाराशी दबा धरून बसतो. मुंगी, भुंगेरा, रातकिडा जवळ आला की पावलांची थरथर त्याला कळते. दार उघडतं, भक्ष्य आत जातं, दार बंद.

यातली मादी जन्मभर एकाच बिळात राहते. अंगाने वाढेल तसं तेच बीळ रुंद करत नेते. अंडी तिथेच घालते, पिल्लंही काही काळ तिच्याजवळच असतात. मग ती बाहेर पडतात आणि बरीचशी जवळपासच आपापली इवली बिळं खणतात. नर मात्र वयात आला की घर सोडतो, मादीच्या शोधात हिंडतो आणि त्यानंतर फार जगत नाही.

आपल्याकडे अशा कोळ्यांच्या अनेक जाती आहेत. 2005 साली मंजू सिलिवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जातीला मुंबईवरून 'इडिऑप्स बॉम्बेएन्सिस' असं नाव दिलं. याच कुळातली एक मादी ऑस्ट्रेलियात होती. बार्बरा यॉर्क मेन या बाईंनी 1974 पासून तिच्या बिळावर लक्ष ठेवलं. बिळाशी खुंटी ठोकून नंबर दिला, 16. ही मादी 2016 साली गेली, तेव्हा तिचं वय 43 होतं! इतकी वर्षं एकच बीळ. आजूबाजूला गव्हाची शेती होती, पण तो रानाचा तुकडा कोणी नांगरला नाही, म्हणून ती जगली.

आपल्या मावळात आज काय चाललंय ते आपण बघतोच. प्लॉट पडतात, जेसीबी येतो, दुपारपर्यंत जुनी दरड सपाट. अशा दरडीत आई आणि तिच्या भोवती लेकी, अशी पुरी वस्ती असू शकते. ती लांब जात नाही, म्हणून एकदा मोडली की पुन्हा वसायला फार वर्षं लागतात.

मग आपल्या हातात काय आहे? भातखाचराच्या बांधातलं खेकड्याचं बीळ पाणी गळतं म्हणून आपण बुजवणारच, ते उघडं असतं. पण कोरड्या, शेवाळलेल्या दरडीवर गोल कड दिसली तर तिथे कुदळ मारू नका. काडी घालू नका, हातही लावू नका. माती हवी तर चार पावलं पुढून घ्या. गवत पेटवण्याऐवजी कापून न्या. बांध सरळ करायला मशीन बोलावलं तर जुन्या दरडीचा एक पट्टा तसाच ठेवायला सांगा.

आम्ही आता त्या दरडीवरून माती आणत नाही. यंदा पावसानंतर जाऊन पाहिलं, तर बुजवलेल्या जागेपासून हातभर अंतरावर दोन झाकणं दिसली, शर्टाच्या बटणाएवढी.

तुमच्या शिवारात असं दार दिसलं तर पोरांनाही लांबूनच दाखवा, मैत्रिणींनो.